ढगाळ उजेडाचा हिशेब

भारतीय पावसाळ्याचं जगभर सर्वाधिक गाजलेलं छायाचित्र पावसात काढलेलं नाही. न्यूझीलंडचे छायाचित्रकार ब्रायन ब्रेक यांनी १९६० साली कोलकात्यातल्या एका गच्चीवर किशोरवयीन मुलीला लाल साडीत उभं केलं, झारीने तिच्यावर पाणी ओतलं गेलं, आणि वर उचललेला तो ओला चेहरा १९६१मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आलेल्या मान्सून-चित्रमालिकेची ओळख बनला. ती मुलगी म्हणजे पुढे अभिनेत्री आणि दिग्दर्शक म्हणून नावाजलेल्या अपर्णा सेन; अर्ध्याएक तासात उरकलेल्या त्या चित्रणाची हकिकत त्यांनीच नंतर सांगितली आहे. यात फसवणूक शोधायचं कारण नाही, पण पावसाच्या छायाचित्रणाचा ओढा कुठे राहिला हे त्यातून नीट कळतं. रघुबीर सिंग यांच्या १९६७च्या छायाचित्रातल्या, बिहारात मुंगेरला पावसात एकमेकींना बिलगून उभ्या राहिलेल्या बायका घ्या, किंवा स्टीव्ह मॅककरी यांनी १९८३मध्ये पोरबंदरच्या पुरात टिपलेला, शिलाईचं यंत्र खांद्यावर घेऊन पाणी कापत चाललेला शिंपी घ्या. पावसाळ्याची नामांकित छायाचित्रं माणसांची आहेत. पाऊस त्यांत आनंद होऊन येतो किंवा आपत्ती होऊन, आणि ज्या जमिनीवर तो पडतो ती मागे पुसट राहते. आपल्या लघुचित्रांची चाल वेगळी होती. बारमाश्याच्या, म्हणजे बारा महिन्यांच्या, पहाडी किंवा बुंदीच्या चित्रांत नायिका असते खरी, पण वरचा काळाभोर मेघ, त्यावरून जाणारी बगळ्यांची पांढरी रांग आणि सोनेरी रेघेची वीज यांना चित्रकार मनापासून जागा देतो. कॅमेऱ्याने ही परंपरा उचलली नाही. पावसाळी निसर्ग कसा टिपावा, हा प्रश्न म्हणूनच अजून पुरता सुटलेला नाही, आणि सह्याद्रीइतकी त्याची कसोटी पाहणारी जागा आपल्याकडे दुसरी नाही.

जमीन मागे राहिली याला आवडीइतकंच गणितही कारणीभूत होतं. भर उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स उजेड पडतो. ढगाळ दिवशी तो दहा-वीस हजारांवर येतो आणि आभाळ गच्च भरलं की एक-दोन हजारांपर्यंत खाली जातो. मॅककरींच्या पिढीचं आवडतं कोडाक्रोम ६४ फिल्म कॅमेऱ्यात असेल, तर ढगाळ दिवशी एफ ५.६वर सेकंदाच्या साठाव्या भागाचं शटर मिळे. जवळचा कातळ आणि दूरचा डोंगर दोन्ही धारदार हवेत म्हणून एफ ११ लावलं की तेच शटर पंधराव्या भागावर. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात पंधराव्या भागात गवताचं पातं स्थिर राहत नाही आणि ट्रायपॉडही थरथरतो. शहाण्या माणसाने अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा, हाच त्या काळचा व्यवहार होता. डिजिटल सेन्सरने ही अडचण जवळपास संपवली. आज आयएसओ १६०० लावून काढलेलं छायाचित्र भिंतीवर मोठं करून लावता येतं. त्यामुळे गेल्या पंधरा-वीस वर्षांत ताम्हिणी, माळशेज, आंबोली, हरिश्चंद्रगड, कास इथली पावसाळी छायाचित्रं अमाप निघाली. पण प्रमाण वाढलं तसे साचेही ठरून गेले. एक साचा चमकत्या हिरव्या गालिच्याचा, दुसरा दुधाळ, रेशमी केलेल्या धबधब्याचा. दोन्हींत पाऊस गेल्यावर उरलेली चीज टिपलेली असते. माझं म्हणणं असं, की पावसाळी निसर्गचित्राचा खरा विषय हवा आहे. एरवी न दिसणारी हवा या चार महिन्यांत पाण्याने भरून दिसू लागते. तंत्राचा, रंगाचा आणि नंतरच्या संस्कारांचा प्रत्येक निर्णय ती दिसते की पुसली जाते यावरच तपासायला हवा.

याला पुरावा भौतिकशास्त्रात आहे. दूरची वस्तू फिकी का दिसते याचा नियम कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४मध्ये मांडला. वस्तू आणि मागचं आकाश यांतला उजेडाचा फरक अंतरासोबत ठरावीक प्रमाणात घटत जातो आणि तो दोन टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी होते. त्या अंतराला दृश्यमानता म्हणतात. आता हिशेब करून पाहू. जानेवारीतल्या स्वच्छ सकाळी दृश्यमानता वीस किलोमीटर असेल, तर एक किलोमीटरवरच्या काळ्या कड्याचा ८२ टक्के फरक शिल्लक असतो, दोन किलोमीटरवर ६८, तीनवर ५६. तिन्ही डोंगररांगा जवळजवळ एकाच गडदपणाच्या. छायाचित्रात त्या एकमेकींना चिकटतात आणि वेगळ्या काढायला सावल्यांचा आधार लागतो. पावसाची सर ओसरल्यावर दृश्यमानता चार किलोमीटर असेल, तर तेच आकडे ३८, १४ आणि ५ असे होतात. पहिली सोंड ठसठशीत, दुसरी राखाडी, तिसरी जेमतेम ओळखू येणारी. भीमाशंकरच्या किंवा राजमाचीच्या परिसरात एकामागून एक उतरणाऱ्या सोंडा साधारण याच अंतरांवर आहेत, त्यामुळे पावसाळी हवा त्यांना सुट्या करून दाखवते. अंतर कळण्यापुरतं बोलायचं तर ओला दिवस कोरड्या दिवसापेक्षा जास्त सांगतो. त्यात धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे, दहा-वीस मायक्रॉनचे, असल्याने सगळे रंग सारखेच विखुरतात. दूरचा डोंगर निळा न होता करडा होत जातो. हिवाळ्यातली निळी धूसरता आणि पावसाळ्यातली करडी धूसरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच व्हाइट बॅलन्सने हाकलं की दोन्हींचं मातेरं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे चार किलोमीटरचं ठीक, पण घाटमाथ्यावर जुलैत ढगच खाली उतरलेला असतो, शंभर पावलांपलीकडे काही दिसत नाही, तिथे टिपायचं काय? आक्षेप खरा आहे. मान्सूनच्या ढगांचा तळ अनेकदा हजार मीटरच्याही खाली असतो आणि सह्याद्रीचा माथा त्याच उंचीच्या आसपास, त्यामुळे कडा गाठायचा आणि पांढऱ्या भिंतीसमोर तासभर बसून परतायचं, हे ट्रेकिंग करणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण वरचा नियम किलोमीटरला बांधलेला नाही. दृश्यमानता दोनशे मीटर असेल तर ३८, १४, ५ हीच उतरंड पन्नास, शंभर आणि दीडशे मीटरवर मिळते. डोंगररांगांची जागा झाडं घेतात. देवराईत शिरलं तर पुढचं जांभळाचं खोड काळं, त्याच्या मागचं करडं, त्याच्याही मागचं नुसतं सुचवलेलं. पठारावर गुरं, करवंदीच्या जाळ्या, दगडी गडगा. दरी दिसत नाही म्हणून हिरमुसलेला छायाचित्रकार दहाच्या दहा वेळा चुकीच्या मापाची गोष्ट शोधत असतो. इथे कॅमेऱ्याचा मीटरही त्याला फसवतो. समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं गृहीत धरूनच मीटर काम करतो, म्हणून पांढरं धुकं भरलेली चौकट तो मळकट करून टाकतो. धुक्याची छायाचित्रं उदास येतात ही तक्रार बऱ्याच वेळा एवढ्यावरच उभी असते. एक स्टॉप, प्रसंगी त्याहून थोडं जास्त, उजळ काढलं की धुकं पुन्हा उजेडासारखं दिसतं. जमिनीवर उतरलेला हा ढग कधी फाटला तर काय मिळू शकतं याची नोंद जुनी आहे. कर्नल साईक्स यांनी १८३५मध्ये छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन केलं, त्यालाच आपण इंद्रवज्र म्हणतो. गडाचा हा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळचा सूर्य पाठीशी आणि ढग दरीत, असा योग जुळला तरच ते दिसतं. ते दिसेल या आशेवर आखलेला ट्रेक मात्र बहुधा कोरडाच जातो, म्हणजे ओला होऊन.

दुसरा समज अधिक हट्टी आहे: ढगाळ उजेड सपाट असतो, त्यात उठाव नाही. सावली नसते हे बरोबर. दिशा नसते हे चूक. पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखं उजळ नसून डोक्यावर ते क्षितिजाच्या सुमारे तिप्पट उजळ असतं. इमारतींच्या प्रकाशयोजनेत वापरलं जाणारं प्रमाणित ढगाळ आकाश याच मोजणीवर बेतलेलं आहे. याचा परिणाम असा, की आडव्या पृष्ठभागावर जितका उजेड पडतो त्याच्या ४० टक्केच उभ्या भिंतीला मिळतो. आता सह्याद्रीची घडण आठवा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे: उभा कातळ, मग गवताची अरुंद पट्टी, पुन्हा कातळ. ढगाळ उजेडात प्रत्येक गवती पट्टी उजळते आणि प्रत्येक कातळ गडद होतो. उन्हात हे थर सूर्य कोणत्या बाजूला आहे यावर कधी उमटतात, कधी झाकले जातात. ढगात ते दिवसभर वाचता येतात. त्यात कातळ ओला झाला की आणखी काळवंडतो. पाण्याच्या पातळ थराखाली शिरलेला प्रकाश आतल्या आत परतून दगडात शोषला जातो, म्हणून उन्हाळ्यात तपकिरी-राखाडी दिसणारा बेसाल्ट आषाढात शाईसारखा होतो. एखाद्या ओल्या कड्याकडे जवळून पाहिलं तर वरच्या थराच्या सांध्यातून पाणी पाझरतंय, त्याखाली शेवाळाचा पट्टा, मग काळा दगड, आणि मधूनच पांढरी धार. कॅमेऱ्याला या चौकटीत जास्त काळा दगड दिसला तर तो सगळंच उजळवतो आणि धारेतलं पाणी कोरं पांढरं होऊन जातं. इथे हिशेब धुक्याच्या उलट: एक्सपोजर कमी करायचं, काळं काळंच ठेवायचं. आणि आकाश? ढगाळ दिवशी चौकटीतली सर्वांत उजळ गोष्ट तेच असतं, कारण जमीन त्याच्या उजेडाचा लहानसा भागच परत फेकते. ढगाला आकार नसेल तर आकाश चौकटीतून सरळ कापावं. आकार असेल तर त्याच्यासाठी एक्सपोजर ठरवावं आणि जमिनीला गडद राहू द्यावं. बारमाश्याच्या चित्रकारांनी नेमकं उलट केलं, मेघ काळा आणि झाडं उजळ, पण त्यांना सेन्सरची मर्यादा नव्हती.

पाऊस स्वतः कसा टिपावा याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि कॅमेऱ्याला तो नीट दिसतही नाही. दोन मिलीमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. सेकंदाच्या साठाव्या भागात तो अकरा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे लांब आणि फिकी रेघ. पाचशेव्या भागात जेमतेम सव्वा सेंटिमीटर, म्हणजे ठिपका. कोलंबिया विद्यापीठातल्या गर्ग आणि नायर यांनी २००४-०५मध्ये कॅमेऱ्याला पाऊस केव्हा दिसतो याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातला छायाचित्रकाराच्या कामाचा निष्कर्ष असा, की थेंब एखाद्या रुंद लेन्ससारखा मागच्या आकाशाचा मोठा भाग आपल्यात गोळा करतो आणि म्हणून मागच्या दृश्यापेक्षा बहुधा उजळ असतो. त्यामुळे पाऊस आकाशासमोर दिसत नाही, गडद पार्श्वभूमीसमोर दिसतो. ओला काळा कडा, दाट झाडी, घराचं दार यांच्यासमोर शंभराव्या भागाच्या आसपास शटर ठेवलं की रेघा उमटतात. जपानी चित्रकार हिरोशिगेने १८५७मध्ये शिन-ओहाशी पुलावरच्या अचानक आलेल्या सरीचं जे मुद्राचित्र केलं, त्यातल्या तिरप्या काळ्या रेघा या अर्थाने वास्तवाशी फटकून आहेत, पण सरीचा जोर त्यांतून जितका पोचतो तितका क्वचितच एखाद्या छायाचित्रातून पोचत असेल. आजच्या फोनची गोष्ट आणखी गमतीची. बटण एकदा दाबलं की फोन अनेक फ्रेम घेऊन एकमेकींवर बसवतो. थेंबाची रेघ एकाच फ्रेममध्ये असते, बाकीच्यांत नसते, आणि सरासरीत ती विरून जाते. फोनच्या लेखी पाऊस हा दोष आहे. नाणेघाटात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा फोनवर धुरासारखा का दिसतो, त्याचं एक कारण हेही. तिथे खऱ्या कॅमेऱ्यावर पाचशेव्या भागाहून जलद शटर लावलं तर खाली जाणारे आणि वर परतणारे थेंब वेगळे दिसतात, आणि वारा नावाची गोष्ट चौकटीत येते. रेशमी धबधब्यावर माझा राग आहे तो याचसाठी. एकोणिसाव्या शतकात मंद काचपट्ट्यांमुळे सगळेच धबधबे दुधाळ येत. ती लाचारी होती. आज गडद फिल्टर लावून तीच अवस्था मुद्दाम आणली जाते, आणि ठोसेघर काय, आंबोली काय, सगळं पाणी एकाच गिरणीतून दळून आल्यासारखं दिसतं.

आता रंग. इथला आक्षेप वजनदार आहे आणि तो खुद्द रघुबीर सिंगांचा आहे. ‘रिव्हर ऑफ कलर’ या १९९८च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी मांडलं की रंग हा भारतीय दृष्टीचा गाभा आहे आणि कृष्णधवलातला विषाद पाश्चात्त्यांचा. मग करड्या हवेला विषय मानणं म्हणजे परक्या डोळ्याने आपला पाऊस पाहणं नाही का? आपल्या माणसाला चार महिन्यांच्या रखरखीनंतर दिसतं ते हिरवंच, आणि त्याच्या डोळ्यांना ते चमकतंच. हे नाकारायचं कारण नाही. पण सिंग यांच्या स्वतःच्या मुंगेरच्या छायाचित्रात रंग उठतात ते मागची बाजू पावसाने पुसट झाल्यामुळे. करडं हे रंगाचं आसन आहे. शिवाय सह्याद्रीत हिरवा रंग एक नाही. आवणातल्या भातरोपाचा पोपटी, पठारावरच्या कोवळ्या गवताचा, कारवीचा गडद, शेवाळाचा पिवळट, जांभळाच्या पानांचा काळपट. सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली की आधी पोपटी रंग शिगेला पोचतो, मग बाकीचे त्याच्या मागे येऊन टेकतात, आणि पाच हिरव्यांचा एक हिरवा होतो. रंग वाढवण्याच्या नावाखाली रंग कमीच होतात. हे पाप एकट्या फोनवर किंवा समाजमाध्यमांवर घालू नये. १९९०मध्ये बाजारात आलेल्या वेल्व्हिया या फिल्मने भडक हिरव्याची चटक निसर्ग-छायाचित्रकारांना आधीच लावली होती. खऱ्या रंगापर्यंत पोचायचा मार्ग पोलरायझर फिल्टरमधून जातो. ओल्या पानावर आकाशाचा पांढरट तवंग असतो, तो पानाचा रंग झाकतो. फिल्टर फिरवून तो तवंग उतरवला की पान स्वतःच्या रंगात दिसतं, नंतर काही वाढवावं लागत नाही. त्यासाठी एक-दीड स्टॉप उजेड द्यावा लागतो. मात्र तवंग पूर्ण काढला की पान ओलं होतं हेही दिसेनासं होतं, तेव्हा फिल्टर थोडा अलीकडेच थांबवलेला बरा.

सगळ्यात नाजूक मुद्दा नंतरच्या संस्कारांचा. अडोबीने २०१५मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीहेझ’ नावाची पट्टी दिली आणि धूसर छायाचित्र क्षणात खणखणीत करण्याची सोय घरोघरी झाली. पावसाळी छायाचित्रांवर ती सर्रास फिरवली जाते. प्रतिवाद असा येतो, की संस्कार करणं छायाचित्रणाइतकंच जुनं आहे. तेही खरंच. सुरुवातीच्या काचपट्ट्या निळ्याला इतक्या संवेदनशील होत्या की आकाश कोरं येई, म्हणून गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी जोडून एक चित्र छापलं. योसेमिटीतल्या निवळत्या वादळाच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या प्रसिद्ध छायाचित्रात डार्करूममधलं काम भरपूर आहे. तेव्हा हात लावूच नये असं म्हणणारा माणूस इतिहास विसरलेला असतो. पण ल ग्रेने ढग जोडला आणि अ‍ॅडम्सने ढगाचे थर अधिक स्पष्ट केले. दोघांनी कॅमेऱ्याने गमावलेली हवा परत मिळवली. डीहेझ ती काढून टाकतं. धुकं काढण्याची जी पद्धत गाजली, ती २००९मध्ये संशोधक कायमिंग ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी धुकं किती आहे याचा अंदाज घेतला जातो, आणि या अंदाजातून जोडउत्पादन म्हणून दृश्याचा अंतर-नकाशा हाती येतो: कोणती गोष्ट किती लांब आहे याचा. म्हणजे धुकं ही कचरा-माहिती नाही हे धुकं पुसणाऱ्या गणितालाही मान्य आहे. अंतर त्यातच लिहिलेलं आहे. पट्टी उजवीकडे सरकवणारा तो नकाशा मिळवतो आणि फेकून देतो. तिसरी रांग पहिलीइतकी काळी करतो, आणि मग छायाचित्र सपाट वाटतं म्हणून पुन्हा रंग वाढवतो. या संदर्भात ती पट्टी उलटीकडे, म्हणजे उणे बाजूला, किंचित नेण्याचा प्रयोग जास्त लोकांनी करायला हवा.

साधनांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. पाण्याला दाद न देणारी महागडी बॉडी नसेल तरी प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि दोन-तीन कोरडी सुती किंवा मायक्रोफायबर कापडं पुरतात. घाटाच्या वाऱ्यात छत्री उलटते, झाडाखाली मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही. पुढच्या काचेवर पडलेला थेंब रुंद लेन्सवर एफ १६ लावल्यावर गोल डाग होऊन उमटतो, तर लांब लेन्सवर एफ ४ला तो फक्त थोडी धार घालवतो. म्हणून सर चालू असताना लांब लेन्स आणि लांब हूड हा जोड अधिक निभावतो. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेली लेन्स दमटते, आणि सप्टेंबरपर्यंत ओलसर पिशवीत राहिली तर तिला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च लेन्स साफ करून घेण्यापेक्षा कमी. वेळेचा हिशेब नक्षत्रांनी ठेवला तर हवामानाचा अंदाज सोपा जातो. मृगात मातीचा तांबडा रंग अजून शाबूत असतो आणि ढगांना कडा असतात. पुनर्वसू-पुष्याच्या, तरण्या-म्हाताऱ्या पावसात झड लागते. तेव्हा दरीपेक्षा देवराई बरी. मघापासून उघडीप वाढते, ढग फाटतात, ऊन आणि सर एका चौकटीत येतात. अंतराचे थर पाहायला हाच काळ उत्तम. कासच्या पठारावर फुलांसाठी याच सुमारास झुंबड उडते, आणि फुलांवर नजर खिळल्याने मागचं आभाळ कुणी पाहत नाही.

शेवटचा आक्षेप कलेबाहेरचा आहे आणि म्हणूनच टाळता येत नाही: पावसात डोंगरावर जाणं जिवावरचं आहे. जुलै २०२४मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक पर्यटक तरुणी दरीत पडून मरण पावली; तसे अपघात दर वर्षी होतात आणि प्रशासन मग सरसकट बंदी घालतं. पण कड्याची धार गाठायला लावणारी छायाचित्रं कोणती हे पाहिलं पाहिजे. कड्याच्या टोकावर माणूस, पायाखाली दरी, मागे धबधबा, हा साचा रुंद लेन्सचा आणि जवळिकीचा आहे. हवा विषय असेल तर छायाचित्रकाराला लांबच राहावं लागतं. तीन रांगांची उतरंड एका सोंडेवर चढून दिसत नाही, समोरच्या रस्त्याकडेच्या थांब्यावरून दिसते. आणि लांबून पाहिलं की आणखी एक गोष्ट चौकटीत येते, जी या छायाचित्रांतून सहसा कापली जाते: वस्ती. पत्र्याची छपरं, निळी ताडपत्री, विजेचा खांब यांनी चित्र बिघडतं असं मानलं जातं. वास्तविक थर मोजायला डोळ्याला ओळखीच्या मापाची वस्तू लागते, आणि घराएवढं विश्वासार्ह माप डोंगरात नाही. ३० जुलै २०१४ला माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गाडली गेली. ज्या उतारांची, ज्या आठवड्यांतली, ज्या ढगांखालची छायाचित्रं आपण हौसेने काढतो, ते हेच उतार. नुसता सुळका आणि त्याला लगडलेला ढग चौकटीत घेतला तर उतार शोभेचा होतो. उताराचा चढ, त्यावरच्या घरांची जागा आणि माथ्यावरून उतरणारं पाणी ही तिन्ही एका छायाचित्रात बसवायला समोरच्या रांगेवरची अर्ध्या तासाची उघडीप आणि दोनशे मिलीमीटरची लेन्स पुरते.